आजोबाचं कोलगेट, नातीचं कोल्गात

आमच्या रेवदंड्यात दात घासायला जे काही लावतात त्या सगळ्याला कोलगेट म्हणतात. गिऱ्हाईक दुकानात येतं, "कोलगेट द्या" म्हणतं आणि बोट ठेवतं भलत्याच कंपनीच्या पाकिटावर. पूर्वी मी वाद घालायचे. "बाई, हे कोलगेट न्हाय, दुसऱ्या कंपनीचं हाय." तर ती म्हणायची, "हां, त्या कंपनीचं कोलगेट." कपाळाला हात लावायचा आणि पाकीट द्यायचं. आता मी वादात पडत नाही. कुणी कोलगेट म्हटलं की मला दत्तूभावजी आठवतात आणि भांडायचा जोरच जातो.

दत्तात्रेय घरत हे माझ्या मालकांचे चुलतभाऊ. गाव त्यांना दत्तू म्हणायचं, मी भावजी म्हणायचे आणि ते मला कमळवैनी. आमची मंडळी मूळची पेणकडची, मिठागरातली. मिठाचे दिवस सरले तशी घरं पांगली. आम्ही रेवदंड्याला येऊन नाक्यावर किराण्याचं दुकान टाकलं, आणि भावजींनी आमच्या मागच्या वाडीत दोन खोल्या बांधून ट्रेलरचं स्टिअरिंग धरलं. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर उचलायचा आणि गुजरात, राजस्थान, मद्रास, कुठंही नेऊन टाकायचा. उभा जन्म त्यातच गेला.

माणूस उंच, काळाकुट्ट, आणि आवाज असा की वाडीत शिंकले तर माझ्या फळीवरचे डबे हलावेत. शाळा बेताचीच झालेली. पण कंटेनरवरची, टायरवरची, इंजिनावरची इंग्रजी नावं चित्रासारखी ओळखायचे. परत आले की माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायचे आणि नकला सुरू. पंजाबी ड्रायव्हर एका कोरियाच्या मोटारकंपनीला काय म्हणतो, मद्रासी काय म्हणतो, बंदरावर उतरलेला कोरियावाला ते ऐकून कसा डोकं धरून बसतो. टायरच्या त्या जाड्या पांढऱ्या बाहुल्याला भावजी मिचेलिन म्हणायचे, आणि कुणी शहाणा मिशेलिन म्हणाला की विचारायचे, "तू बसवलेस कं कवा ते टायर?" ऐकायला गिऱ्हाइकं थांबायची आणि माझा माल खपायचा, म्हणून मीही काही बोलत नसे.

खोड एकच. गालात तंबाखू. माझे मालक त्याच तंबाखूपायी गेले, म्हणून माझ्या दुकानात ती मी ठेवत नाही, गिऱ्हाईक तुटलं तरी बेहत्तर. भावजींना मी किती बोलले असेन. ते हसायचे. "वैनी, तुमच्याकडं मिळत न्हाय म्हणून पलीकडच्या टपरीवर जातो. तेवढाच पायाला व्यायाम." जित्याची खोड, दुसरं काय.

त्यांची बायको सगुणा लवकर गेली. मुलगा विनेश तेव्हा शाळेत होता. बाप रस्त्यावर, म्हणून पोर माझ्या चुलीपाशी वाढलं, आणि त्या चुलीपाशीच त्याला रांधायचा नाद लागला. अलिबागच्या हॉटेलात शिकला आणि कुणाच्या तरी ओळखीने थेट पोर्तुगालला गेला, लिस्बनला. ज्यांनी आमच्या गावात किल्ला बांधला त्यांच्या गावी आमचं पोर भांडी घासायला गेलं, असं मी म्हणायचे. पुढे भांडी सुटली, स्वयंपाक हातात आला. तिथलीच मार्ता नावाची मुलगी केली. त्यांना मुलगी झाली, तिचं नाव इनेश. बापाचं विनेश म्हणून पोरीचं इनेश, मला वाटलं ह्यांनी जुळवून ठेवलंय, पण ते तिकडचं खरोखरचं नाव आहे म्हणे.

भावजींच्या खोल्यांत मोबाइलला रेंज धड नाही. दुकानात माझ्या मुलाने वायफाय घेऊन ठेवलंय. म्हणून दर रविवारी दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला, भावजी धुतलेला शर्ट घालून स्टुलावर येऊन बसायचे आणि विनेशचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ.

पण बोलणार काय? पोरीला मराठी येत नाही, ह्यांना तिचं येत नाही. विनेश मधे बसून इकडचं तिकडे करायचा, तेही दोन मिनिटं. मी त्याला झापलं होतं. "अरे, पोरीला चार शब्द तरी शिकव आपले." तो म्हणाला, "काकी, मी घरी येतो तेव्हा ती झोपलेली असते. उठते तेव्हा मी झोपलेला असतो." बाप ट्रेलरवर आणि लेक माझ्याकडे, हे मी इथेच बघितलेलं. भावजी तर एका शब्दाने त्याला बोलले नाहीत. आजोबाला तिकडे 'अवो' म्हणतात. पोरीने पहिल्यांदा "अवो" म्हणून हाक मारली तेव्हा भावजी लाजून चूर झाले. सगुणा त्यांना 'आवो' म्हणूनच हाक मारायची, ती गेल्यापासून कुणी तसं म्हटलं नव्हतं.

मग एका रविवारी पोर रडत होती. कशाला कोण जाणे. रडता रडता तिची नजर भावजींच्या डोक्यामागच्या फळीवर गेली आणि ती एकदम गप्प झाली. बोट दाखवून म्हणाली, "कोल्गात."

भावजींनी वळून बघितलं. तांबडं पाकीट उचललं आणि मोबाइलसमोर धरलं. "ह्ये? ह्ये कोलगेऽऽट." त्यांचं गेट फार लांब असायचं. ट्रेलर मागे घेताना क्लीनर "आन देऽऽव" म्हणून ओरडतो ना, तसं.

"नाऊं," पोर म्हणाली. नाऊं म्हणजे नाही. "कोल्गात."

"न्हाय. कोलगेऽऽट."

"नाऊं!"

"न्हाय!"

आणि दोघं हसायला लागली. त्या दिवसापासून त्यांना बोलायला एक भाषा मिळाली. माझं अख्खं दुकान. भावजी एकेक वस्तू उचलून धरायचे, ती आपलं म्हणायची, हे आपलं म्हणायचे, आणि मग दोघांनी भांडायचं. भावजींची निवया, तिची नीव्या. ह्यांचं जिलेट, तिचं झिलेत. ह्यांची नेसकॉफी, तिची नेश्काफे, आणि ते 'श' ऐकून भावजी म्हणायचे की पोरीचे पुढचे दात पडलेत. खरंच पडलेले होते, पण विनेश म्हणाला तिकडे सगळेच तसं म्हणतात. त्याच्या हॉटेलात एक ब्राझीलचा स्वयंपाकी होता, भाषा तीच, पण तो कोल्गाची म्हणायचा. विनेशने त्याला एकदा फोनवर आणला. भावजींना तो माणूस फार आवडला. पुढे महिनाभर नाक्यावर येईल त्याला सांगत होते, "एक पेस्ट, तीन मुलुख, तीन नावं. आन दात समद्यांचे पिवळे."

एकदा गंमत झाली. मी बटाट्याचं पोतं उसवत होते, ते तिला दिसलं आणि ती ओरडली, "बताता!" भावजी बघतच राहिले. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचाच, आपल्याकडे तेच ठेवून गेले, हे मला माझ्या मुलाने सांगितलं. भावजींना इतिहासाशी काही घेणंदेणं नव्हतं. दोन्ही हातांत दोन बटाटे घेऊन ते म्हणाले, "वैनी, बटाट्यात आमचं भांडण न्हाय." माझ्याकडून पिशवीभर बटाटे घेऊन गेले आणि किती दिवस तीच भाजी खात होते.

गेल्या वर्षी विनेशने सांगितलं, ऑगस्टात शाळेला मोठी सुट्टी असते, तेव्हा येतो, तिघंही. भावजींनी खोलीला रंग काढला. पोरीला झोपायला माझ्याकडचा पलंग मागून नेला. तिला समोर बसवून खेळायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात. "मोबाइलवर ती मला हरवते. समोर बसू दे, मंग बघतो," म्हणायचे.

त्याच सुमारास त्यांचं जेवण कमी झालं. तोंड आलंय म्हणाले. आमच्याकडे तोंड आलं की उष्णता झाली म्हणतात, आणि सब्जाचं पाणी पितात, जिभेला तूप लावतात. भावजींनी पण तेच केलं. पाणी प्यायले, तूप लावलं. जिभेच्या कडेला पांढरा डाग होता तो लाल झाला, मग कडक झाला. मी जबरदस्तीने त्यांना अलिबागला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने तोंड उघडायला लावलं, बघितलं, आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलायला लागला. तेव्हाच मला कळलं. ह्याच आवाजात माझ्या मालकांचं सांगितलं होतं.

मांडव्याहून बोटीने मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी साफ सांगितलं की जीभ काढावी लागेल, जवळजवळ सगळी, आणि लगेच. जेवण नळीने. बोलणं राहणार नाही.

भावजींनी विचारलं, "ऑगस्टपर्यंत थांबलं तर?"

"तोपर्यंत काढायलासुद्धा काही उरणार नाही," डॉक्टर म्हणाले.

होळी नुकतीच झाली होती. परत मांडव्याला उतरल्यावर भावजी म्हणाले, "वैनी, मी थांबतो. ती आली की समोर बसवून एकदा खेळतो. मंग काय कापायचं ते कापा."

माझा ताबा सुटला. धक्क्यावर लोक बघत होते तरी बोलले. "तुमाला तिच्याशी बोलायचं हाय का जिवंत राहून तिला बघायचं हाय? दोन्ही न्हाय मिळणार, भावजी. एक काय ते ठरवा." एवढं कठोर मी कधी बोलले नव्हते. त्यांनी मान खाली घातली आणि रिक्षात बसले. मग चार दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. वाडीतून त्यांच्या खोलीचं दार दिसायचं, बंदच. मी डबा ठेवून यायचे.

रविवारी दुपारी मात्र आले. गुळगुळीत दाढी केलेली, पांढरा शर्ट. मला म्हणाले, "बघायचं हाय." एवढंच. मग स्टूल पुढे ओढलं. "आज समदं दुकान काढा, वैनी."

विनेशला मी आधीच कळवलं होतं. पोरीला काही सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं आज अवोला लहर आली आहे. मी फळीवरून एकेक काढून देत होते आणि भावजी धरत होते. साबण, पावडर, ब्लेड, बिस्किटं, कॉफी, मॅगी, सगळं. जीभ सुजलेली, प्रत्येक शब्दाला कळ यायची, मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. पण एकही नाव त्यांनी अर्धं सोडलं नाही. पोर खुशीत होती, हसून हसून उलटी पडत होती. विनेश मधेच उठून बाजूला गेला, तो परत दिसला नाही. सगळ्यात शेवटी भावजींनी कोलगेट उचललं. इतकं लांब गेट मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पोर म्हणाली, "नाऊं, अवो. कोल्गात." तिने हार मानली नाही. कशी मानेल, तिला कुठे माहीत होतं.

ऑपरेशन झालं. महिन्याने घरी आणलं तर मला ओळखू येईना माणूस. अर्धा चेहरा आत गेलेला, गळ्यावर टाके, नाकात नळी. तोंडाला टॉवेल गुंडाळून बसायचे. घशातून काहीतरी यायचं, ओ आणि ए सारखं, ते आपलं आपल्यालाच ऐकवेना म्हणून तेही बंद केलं. एवढा आवाजाचा धनी, आणि पाणी हवं असलं की स्टुलावर टकटक करायचा.

रविवारी यायचे, पण मोबाइलसमोर बसायचे नाहीत. तांदळाच्या पोत्यांमागे, पोरीला दिसणार नाही असे बसायचे आणि तिचा आवाज ऐकायचे. विनेश तिला सांगायचा अवो झोपलाय, अवोला बरं नाही. मग मी कोलगेट उचलून धरायचे. मी म्हणायचे, "कोलगेट." पोर मान हलवायची. माझं बरोबर नव्हतं. परत धरलं तर बघायचीसुद्धा नाही. ती माझ्याशी खेळलीच नाही.

ऑगस्ट आला. श्रावणाची झड लागलेली, मांडव्याच्या बोटी बंद, म्हणून मुंबईहून गाडी करून आले. विनेशने वाटेत पोरीला सांगितलं होतं, अवोचं तोंड दुखतंय, तो बोलणार नाही. एवढ्या लहान पोरीला त्यातलं किती कळणार? भावजी सकाळपासून दुकानात. पांढरा शर्ट, तोंडावर धुतलेला टॉवेल. पोर गाडीतून उतरली, त्यांना बघितलं आणि आईच्या मागे लपली. भावजींचे हात पुढे झाले होते ते त्यांनी मांडीवर ठेवले.

मग तिने दुकान बघितलं. तिला माझं दुकान पाठ होतं. जन्मात पहिल्यांदा पाय ठेवला, पण सरळ त्या फळीशी गेली, टाचा उंचावून तांबडं पाकीट काढलं आणि भावजींसमोर जाऊन उभी राहिली. "कोल्गात," म्हणाली आणि वाट बघत राहिली.

भावजींनी टॉवेल बाजूला केला. काय मनात आलं कोण जाणे, बहुतेक वाटलं असेल, तिच्यापुढे निघेल. तोंड उघडलं. घशातून आवाज आला, लाळ आली, पण त्याचा शब्द झाला नाही. पोरीचा चेहरा बदलला. भावजींनी पटकन तोंड झाकलं, उठले आणि दाराशी जाऊन चपला शोधायला लागले. डोळ्यांत पाणी, चपला सापडेनात. मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. विनेशचा, देवाचा, त्या टपरीवाल्याचा, आणि मांडव्याच्या धक्क्यावरच्या माझ्या बोलण्याचासुद्धा.

तेवढ्यात मागून आवाज आला. "कोलगेऽऽट."

भावजी जागच्या जागी थांबले. पोर त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती. फळीवरून तिने दुसरी डबी काढली. "नीव्या," म्हणाली, आणि मग हनुवटी छातीला लावून, आवाज जाड करून, "निवया." मग झिलेत आणि जिलेट. नेश्काफे आणि नेसकॉफी. आधी तिचं, मग त्यांचं. दर रविवारी भांडली होती, त्यांचं एकही नाव तिने कबूल केलं नव्हतं, आणि सगळी तिला तोंडपाठ होती.

भावजी परत येऊन स्टुलावर बसले. एका बिस्किटाच्या पुड्यावर ती चुकली, तर त्यांनी बोटाने टकटक केलं. तिने परत म्हटलं. परत टकटक. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. मार्ता दाराच्या चौकटीला धरून रडत होती. बाहेर गिऱ्हाइकं भिजत उभी होती, त्यांना मी म्हटलं, "थांबा जरा, काम चालू हाय."

सुट्टीभर रोज हेच चाललं. मग ते तिघं परत गेले.

दिवाळीच्या तोंडावर भावजींचं दुखणं छातीत उतरलं. घरीच गेले, माझ्या हातून नळीने शेवटचं पाणी घेऊन. विनेशला पुन्हा रजा मिळाली नाही, त्याने मोबाइलवर बापाला बघितलं. दहावं-बारावं माझ्या मुलाने केलं. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी मी दुकानात एकटीच बसले होते. स्टूल आत टाकलं होतं, बघवत नव्हतं म्हणून. मोबाइल वाजला.

विनेश होता. "काकी, ही ऐकत नाही. दुकान दाखव म्हणते."

"तिला सांगितलंस ना रे?"

"सांगितलंय. तिला माहीत आहे."

मी उठले. कोलगेट उचलून मोबाइलसमोर धरलं. मी तोंड उघडलं नाही, मला माहीत होतं माझं तिला चालत नाही. पोर गंभीर चेहऱ्याने बघत होती. तिने हनुवटी छातीला लावली, आवाज जाड केला आणि म्हणाली, "कोलगेऽऽट." मग थोडं थांबून स्वतःच्या आवाजात म्हणाली, "कोल्गात."

ह्या वेळी आधी त्यांचं, मग तिचं. आणि नाऊं म्हणाली नाही.

अजून दर रविवारी फोन येतो. पोर मोठी होईल, तिला मैत्रिणी होतील, एखाद्या रविवारी फोन येणार नाही, हे मला कळतं. मी काही दुधखुळी नाही. पण तोवर दुपारचं मी दुकान बंद करत नाही. कोलगेट वरच्या फळीवरून काढून हाताशी ठेवलंय. मी धरते, ती भावजींचं म्हणते. मग ती तिचं म्हणते, आणि मी पुढची वस्तू उचलते.